बेरजेत लपलेली बॅटरी

कोकण किनाऱ्यावरच्या अनेक यांत्रिक मासेमारी नौकांवर ट्रकच्या इंजिनाचीच सागरी आवृत्ती बसवलेली असते आणि तिचा सेल्फ 24 व्होल्टवर चालतो. त्यासाठी 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडतात. व्हीएचएफ सेट, जीपीएस, फिश फाइंडर आणि पुष्कळदा दिवेही मात्र 12 व्होल्टचे असतात. त्यांची सोय वायरमन सर्वांत कमी खर्चात करून देतो: दोहोंपैकी जिचे ऋण टोक इंजिनाच्या सांगाड्याला जोडलेले आहे, त्या बॅटरीवरूनच तो आणखी दोन तारा काढतो. इंजिन सुरू होते, उपकरणेही चालतात, आणि जोडणी योग्य असल्याचा हाच पुरावा मानला जातो. माझी चिंता या पुराव्याविषयी आहे.

एकसर जोडणीत चार्ज करणारा विद्युतप्रवाह दोन्ही बॅटऱ्यांतून एकच वाहतो. अल्टरनेटर एकीला जास्त आणि दुसरीला कमी असे देऊच शकत नाही. उपकरणांचा भार मात्र केवळ पहिलीवर, म्हणजे जादा तारा काढलेल्या बॅटरीवर, असतो. समजा, रात्री दिवे आणि उपकरणे मिळून पाच अँपिअर खेचत आहेत आणि इंजिन दहा तास बंद आहे. तर 100 अँपिअर-तासांच्या पहिल्या बॅटरीतून निम्मा साठा जातो आणि दुसरी भरलेलीच राहते. पहाटे पहिलीचा दाब 12.1 व्होल्टच्या आसपास, दुसरीचा 12.7, पॅनेलवरचा व्होल्टमीटर दोहोंची बेरीज, म्हणजे 24.8 दाखवतो. या आकड्यात काळजीचे काहीच दिसत नाही.

इंजिन सुरू झाल्यावर हीच चूक रेग्युलेटर करतो, कारण त्यालाही फक्त बेरीज कळते. एकूण दाब 28.4 व्होल्टच्या घरात पोहोचला की तो प्रवाह आवरता घेतो. पण अर्धी रिकामी पहिली बॅटरी तेव्हा 13.2 वरच असू शकते आणि भरलेली दुसरी 15.2 वर चढलेली असू शकते. शिसे-आम्ल बॅटरीत साधारण 14.4 व्होल्टच्या वर पाण्याचे विघटन जोर धरते. म्हणून दुसरीतले पाणी आटत जाते व हायड्रोजन बाहेर पडतो, आणि पहिली कधीच पूर्ण भरत नसल्याने तिच्या पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण स्फटिकांत बदलते. पहिली उपासमारीने आणि दुसरी अतिचार्जिंगने, अशा दोन्ही बॅटऱ्या परस्परविरुद्ध कारणांनी एकाच जोडणीमुळे खराब होतात. त्यात सेल्फसाठी बनवलेल्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ व सच्छिद्र असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देणे हे त्यांचे काम, रात्रभर सावकाश रिकामे होणे नव्हे. प्रत्येक खोल उपशाबरोबर त्यांच्यावरचे क्रियाशील द्रव्य झडत जाते.

मग एके दिवशी बॅटरी ‘बसते’. बहुतेक वेळा बसलेली तेवढी बदलतात, आणि नवी बॅटरी पुन्हा त्याच जागी, त्याच भाराखाली, एका जुन्या बॅटरीच्या जोडीला येते. ती लवकर गेली की दोष मालाच्या दर्जाला दिला जातो. जोडणीकडे कोणी पाहत नाही, आणि हे साहजिकही आहे, कारण जोडणी बिघडलेली कधी दिसतच नाही.

समुद्रावर याचा परिणाम खर्चापुरता राहत नाही. इंजिन सुरू न होणे हा मदत मागण्याचा प्रसंग, आणि मदत मागण्याचे साधन त्याच दुबळ्या बॅटरीवर. दोन संकटे स्वतंत्र असती, तर ती एकत्र येण्याची शक्यता कमी राहिली असती. इथे पहिल्याचे कारण तेच दुसऱ्याचे आहे.

त्यात तारेची भर पडते. व्हीएचएफ सेट ऐकताना अगदी थोडा प्रवाह घेतो. 25 वॉटवर बोलताना तो पाच-सहा अँपिअर मागतो. बॅटरीपासून आठ मीटरवर, घरगुती दीड चौरस मिलिमीटरच्या तारेने जोडलेल्या सेटपर्यंत जाऊन-येऊन सोळा मीटर तांबे होते, रोध सुमारे 0.19 ओहम. सहा अँपिअरला एक व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे मानक अशा महत्त्वाच्या मंडलांना तीन टक्के घट मान्य करते. 12 व्होल्टवर ती अवघी 0.36 व्होल्ट. शिवाय हा हिशेब कोऱ्या तारेचा आहे. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड उघडून पाहावा: खारट दमटपणाने तांबे हिरवे-काळे पडून आवरणाखाली वीतभर आत गंजत गेलेले आढळते. अशा सेटचा पडदा उजळतो, इतरांचे बोलणे ऐकू येते, आणि तांडेलाने बोलण्यासाठी बटण दाबताच दाब कोसळून सेट बंद पडतो. सेट चालू दिसतो एवढ्यावरून तो संदेश पाठवेल असे मानता येत नाही.

फ्यूजबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण इथे वादाला जागा नाही. फ्यूज उपकरणासाठी नसून तारेसाठी असतो, म्हणून तो बॅटरीजवळ हवा; वरील मानकाचा सर्वसाधारण नियम सात इंचांचा आहे. सेटच्या मागे बसवलेला फ्यूज मधल्या आठ मीटरांचे कोणतेही रक्षण करत नाही. आणि ती तार ज्या इंजिनघरातून जाते, तिथेच जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचा हायड्रोजन साचत असतो, जो हवेत चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो.

आता लिथियम बॅटऱ्या येत आहेत आणि त्यांनी हा प्रश्न आपोआप सुटेल अशी समजूत पसरण्याची मला अधिक भीती वाटते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दाब साठ्याच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात 13.2च्या आसपास स्थिर राहतो, म्हणजे व्होल्टमीटरचा उरलासुरला उपयोगही संपतो. तिचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती अल्टरनेटरकडून पूर्ण क्षमतेचा प्रवाह दीर्घकाळ ओढून त्याला तापवते. आणि तिच्या संरक्षक यंत्रणेने चार्जिंग चालू असताना जोडणी तोडली, तर दाबाच्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. शिशाची बॅटरी दिवे मंद करून निदान सूचना देते. ही बहुधा एकदम अंधार करते.

उपाय अज्ञात नाहीत. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या मासेमारी-होड्यांवर ट्रोलिंग मोटरचा (होडी सावकाश चालवणाऱ्या विजेच्या मोटरचा) 24 किंवा 36 व्होल्टचा संच इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळा ठेवतात, कारण दिवसभराच्या उपशाने परतीचा सेल्फ अडता कामा नये. आपल्याकडे 24 वरून 12 व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लावला, तर भार निदान दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा पडेल. उपकरणांना खोल उपसा सोसणारी स्वतंत्र बॅटरी आणि तिला स्वतंत्र चार्जर दिला, तर सेल्फ आणि संदेश यांचे भवितव्य वेगळे होईल. दुसरा मार्ग महाग आहे, तरी माझ्या मते खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेने त्यापेक्षा कमीवर थांबू नये.

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथून ज्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला, तीत 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील नौकांवर संपर्कासाठी टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. योजना स्वागतार्हच आहे. पण बसवलेली उपकरणे मोजणे सोपे असते, त्यांच्या टोकांपर्यंत पोहोचणारा दाब मोजणे तितके सोपे नसते, आणि जे मोजले जाते त्यालाच सुरक्षितता म्हणण्याकडे व्यवस्थेचा कल असतो. ज्यांना स्वतःची अंतर्गत बॅटरी आहे ती उपकरणे काही काळ तग धरतील; व्हीएचएफ, दिवे आणि बिल्जपंप धरणार नाहीत. म्हणून हंगामापूर्वीच्या देखभालीत मल्टिमीटरने निदान दोन मापे घ्यावीत: रात्रभराच्या वापरानंतर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, प्रत्येक बॅटरीचा दाब स्वतंत्रपणे, आणि सेटच्या मागच्या टोकांवरचा दाब, बोलण्याचे बटण दाबलेले असताना.