धर्माधिकारी साहेबांचं नाव द्यायचं, पण कुठल्या इमारतीला?



न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ ला गेले. डहाणूत त्यांच्या नावाची एक सरकारी इमारत असावी, असं आम्हाला वाटतं.

माणूस नागपूरकडचा. हायकोर्टातून निवृत्त झालेला. १९९६ साली सुप्रीम कोर्टाच्या हुकुमावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण झालं, त्याचे ते अध्यक्ष झाले आणि शेवटपर्यंत राहिले. बावीस वर्षं! इथे तहसीलदार तीन वर्षं टिकत नाय. १९९८ ला वाढवण बंदराला त्यांनी साफ 'नाही' म्हटलं. थर्मलच्या चिमणीला गंधक अडवणारं यंत्र बसवायला कंपनी चालढकल करीत होती, तेव्हा तिला ३०० कोटींची बँक हमी द्यायचा हुकूम केला. यंत्र बसलं. चिकू-भातावर, पोरांच्या छातीत जाणारा धूर ज्याने अडवला, त्याला आपण विसरायचं का?

पण पुढाऱ्यांच्या हाती हे काम दिलं तर एखाद्या बागेला नाहीतर एस.टी. स्टँडला नाव देऊन, नारळ फोडून मोकळे होतील. साहेब गेल्यावर त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याच वाढवण बंदराला परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात भूमिपूजनसुद्धा झालं. उद्या बंदराच्याच ऑफिसावर त्यांच्या नावाची पाटी लागली तर? हसू नका.

म्हणून आमचं म्हणणं असं: तालुक्याच्या ठिकाणी वनहक्काच्या सुनावणीसाठी एक दालन बांधा आणि त्याला त्यांचं नाव द्या. दावा नामंजूर झाला तर कारण कळवलं पाहिजे, आणि त्यावर ६० दिवसांत वर दाद मागता येते, असं २००६ चा कायदा आणि त्याचे नियम सांगतात. बऱ्याच ठिकाणी मात्र लोकांना तोंडीच ऐकायला मिळतं, "तुमचं झालं नाय." कागदच नाही तर दाद कशावर मागणार? त्या दालनात म्हातारी माणसं सावलीत बसतील, आपलं म्हणणं वारलीत मांडतील, आणि निकालाची नक्कल हातात घेऊनच घरी जातील. नक्कल देणार नसाल तर पाटीही लावू नका.

१ मेच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या. बंदराला विरोधाचा ठराव त्याच्याच जोडीला घ्या, वेगळ्या कागदावर. दोन्हींवर सह्या-अंगठे घेऊन एक प्रत गावात ठेवा, एक आमच्याकडे पाठवा.