तारेच्या जाळीतून आकाश
नांदेड-लातूरकडची आपली पोरं विज्ञान घ्यायला बिचकतात. "ते आपल्यासारख्यांचं काम नाही," असं घरातच ऐकतात. म्हणून आम्ही आज खोडदची गोष्ट सांगतो.

जुन्नर तालुक्यातल्या या गावी आणि आसपास १९९० च्या दशकात डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या, हव्या त्या दिशेला वळणाऱ्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. पत्रा नाही, बारीक पोलादी तारेची जाळी! वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका, खर्च कमी. रेडिओ लहरी लांब, म्हणून जाळीतून निसटत नाहीत. शहरी गोंगाट डोंगर अडवतात.

जाळी विणायला, लोखंड जोडायला कामगारांचेच हात लागले. तसे हात आपल्या घरात आहेत. मग लेकीचं डोकं मागे का ठेवायचं?