फुकट म्हणजे मुक्त नव्हे!

मागच्या रविवारी कॉलेजच्या एका ज्युनियरचा फोन आला. "दादा, तुमच्या बी.ई. प्रोजेक्टचा कोड मिळेल का? आम्हीपण हाताने लिहिलेलं मराठी ओळखायचाच प्रोजेक्ट घेतलाय."

जुना लॅपटॉप उघडला, नाही. ग्रुपमधल्या तिघांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. आहे ते लायब्ररीत. ब्लॅक बुकच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली सीडी, आणि कपाटाला कुलूप! आम्ही रात्र रात्र बसून लिहिलेले, स्कॅन केलेले अक्षरांचे नमुने त्यात आहेत. आता ही पोरं तेच सगळं पहिल्यापासून करणार.

आणि आम्ही कोण? तर 'ज्ञान सगळ्यांसाठी खुलं पाहिजे' म्हणून कँटीनचं टेबल बडवणारे! पुस्तकांच्या पीडीएफ ढापल्या, पेपर कुठून कुठून उतरवले, आणि त्यालाच मुक्त संस्कृती समजलो. अहो, ती फुकटेगिरी होती. मुक्त संस्कृतीत घेणाऱ्याला देणाराही व्हावं लागतं, आणि तेही उघडपणे.

उघडपणे म्हणजे कसं, ते दिल्लीत बघायला मिळालं. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या 'रामेश्वरी' या झेरॉक्सच्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा ठोकला. कारण काय, तर पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून विकले जाणारे कोर्स पॅक. आपण असतो तर गुपचूप दुसरा झेरॉक्सवाला शोधला असता. तिथल्या विद्यार्थ्यांनी संघटना काढली आणि खटल्यात स्वतःहून उतरले. प्राध्यापक, संशोधकही सोबत आले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा मागे घ्यायला सांगितलं. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही देवदत्त हक्क नव्हे, अशा अर्थाचं त्या निकालात स्पष्ट म्हटलंय. डिसेंबरमध्ये मोठ्या खंडपीठाने काही मुद्द्यांपुरता खटला पुन्हा उघडला, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली.

दुसऱ्यांचं वाचायचा हक्क त्या मुलांनी असा भांडून राखला. पण आपण स्वतः जे लिहितो त्याचं काय? त्याला तर आपणच कुलूप लावतो!

आपल्याकडे कॉपीराइट आपोआप लागू होतो, नोंदणी लागत नाही. म्हणजे गिटहबवर कोड टाकला आणि लायसन्स लिहिलं नाही, तर लोकांना तो दिसतो, पण आपल्या कामात वापरायची परवानगी मिळत नाही. एक लायसन्स फाइल, पाच मिनिटांचं काम! कोडला एमआयटी किंवा जीपीएल, लिखाणाला क्रिएटिव्ह कॉमन्स. तेवढंही आपल्याच्याने होत नाही.

यावर ठरलेला प्रश्न येतो, "कोणी चोरलं तर?" मित्रा, कपाटातल्या सीडीला चोरसुद्धा हात लावत नाही! आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय लायसन्समध्ये तुझं नाव देणं बंधनकारकच असतं. दुसरा प्रश्न, "लेखकांनी खायचं काय?" प्रश्न रास्त आहे, पण तो लेखणीवर पोट असणाऱ्यांनी विचारावा. आपल्या ब्लॅक बुकची रॉयल्टी कोणाला मिळाली आहे का? उलट ज्या लिनक्सवर आपल्या अर्ध्या आयटीचा पगार निघतो, ते कोणीतरी असंच खुलं केलं म्हणून आहे.

समविचारी विद्यार्थी, संशोधक भेटत नाहीत अशी तक्रार मीही खूप केली. भेटतील कसे? आपलं काम बाहेर दिसलं तर ना! तो ज्युनियर मला सापडला तो योगायोगाने, कोणा सरांनी नाव सांगितलं म्हणून. काम खुलं असतं तर त्याच विषयावर काम करणारे आणखी कितीतरी जण तिथेच भेटले असते.

असो. भाषण पुरे. काम चौघांचं, म्हणून चौघांचीही लेखी परवानगी लागते, ती काल मेलवर घेतली. ऑफिसमधल्या एका मित्राकडून बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्ह उसना आणलाय. येत्या शनिवारी लायब्ररीत जातोय, ज्युनियरला घेऊन. सीडी अजून वाचली जावी, एवढीच प्रार्थना.

तुमची सीडी कुठल्या कपाटात आहे?