मरणोत्तर नागरिक

बँकेत खातेदार वारल्याचे कळले की आम्ही लेजरच्या पानावर लाल शाईने ‘मयत’ असा शेरा मारत असू. पुढे वारसांचे काय ते पाहायचे. मयताच्या नावे नवे खाते उघडता येत नाही, हे शिकाऊ कारकुनालाही ठाऊक असे. त्यामुळे अमेरिकेने होसे अँतोनियो गुतिएरेझ या सैनिकाला दिलेले नागरिकत्व माझ्या गळी उतरायला बराच वेळ लागला. ते त्याला मिळाले एप्रिल २००३ मध्ये, आणि तो मेला होता २१ मार्चला.

होसे ग्वाटेमालाचा. त्या देशात १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी चालली होती. तो लहानपणीच पोरका झाला आणि राजधानीच्या रस्त्यांवर वाढला. आपल्याकडे मोठ्या स्टेशनांच्या फलाटांवर अशी पोरे दिसतात आणि आपण त्यांच्याकडे न बघण्याचे शिकलेलो असतो. पुढे मालगाड्यांतून चोरून मेक्सिको ओलांडत तो अमेरिकेत शिरला. पकडल्यावर त्याने वय कमी सांगितले, कारण अल्पवयीन पोरक्याला परत धाडत नसत. लॉस एंजलिसमधल्या कुटुंबांनी त्याला सांभाळले, शाळेत घातले. हेही विसरता कामा नये. त्या देशाने त्याला बरेच काही दिले. त्याला वास्तुविशारद व्हायचे होते. तो मरीन दलात भरती झाला तो ग्रीन कार्डवर, म्हणजे राहण्याचा परवाना हाती, पण मताचा अधिकार नाही.

इराक युद्ध सुरू झाले २० मार्चला. दुसऱ्याच दिवशी उम्म कसर बंदराजवळ होसे पडला. गोळी शत्रूची नव्हती, आपल्याच बाजूची होती.

अमेरिकी सैन्यात त्या सुमारास नागरिक नसलेले सुमारे ३७ हजार जण होते. जुलै २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढून त्यांना तीन वर्षे न थांबता अर्ज करण्याची मुभा दिली होती. पण अर्ज, बोटांचे ठसे, चौकशी, मुलाखत! सरकारी टेबलांचा वेग सगळीकडे सारखाच. शिवाय शपथ अमेरिकेच्या भूमीवरच घ्यावी लागे. लढायला परदेशी गेलेल्याने शपथेला परत कधी यायचे? परदेशातल्या तळांवर शपथ घेण्याची सोय झाली ती ऑक्टोबर २००४ पासून. आम्ही आधी कर्ज मंजूर करून मग तारण ताब्यात घेत असू. इथे तारण आधी घेतले, तेही परत न करता येणारे.

मरणोत्तर नागरिकत्वाचा कायदा १९९० चा. त्यात मान होता, पण नातेवाइकांना कसलाच लाभ नव्हता. नोव्हेंबर २००३ च्या दुरुस्तीने जोडीदार, मुले व आईवडिलांसाठी दार उघडले. होसेचे आईवडील कधीच गेले होते आणि लग्न झालेले नव्हते. मागे होती ती ग्वाटेमालातली बहीण, आणि भावंडे या यादीत नाहीत. आमच्याकडेही वारसांच्या कागदपत्रांत बहिणी अशाच समासात राहत.

हा सौदा अमेरिकेचाच आहे असे नाही. सैन्यात करार करणाऱ्या परकीयांना नागरिकत्व सुलभ करणारा हुकूम रशियाने जानेवारी २०२४ मध्ये काढला. आपल्याकडची मुलेही तिकडे पोचली. बऱ्याच जणांना एजंटांनी मदतनिसाची नोकरी सांगितली होती, आणि गाठ पडली ती युक्रेनच्या आघाडीशी. रशियन सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांपैकी १२ मरण पावले आणि १६ बेपत्ता आहेत, असे परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. होसे निदान डोळे उघडे ठेवून गेला होता. या मुलांच्या घरी कराराची भाषा वाचता येणारे तरी कोण असेल?

होसेला पुरले ते ग्वाटेमालात. लष्कराच्या कागदांत त्याचे वय २२ लिहिले होते. खरे त्याहून जास्त होते, कारण सीमेवर सांगितलेला तो आकडा शेवटपर्यंत त्याला चिकटून राहिला. नागरिकत्वाच्या दाखल्यावर कोणती जन्मतारीख घातली असेल, हा प्रश्न जुन्या कारकुनी सवयीने मला अजून पडतो.