जीबीएस मज्जातंतूंचा आजार, मग धोका श्वासाला आणि रक्ताला का?

कात्रजहून देहू रोड बायपासला लागलं की आंबेगाव, नऱ्हे आणि मग सिंहगड रस्ता येतो. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यातल्या धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांतून हातापायांतली ताकद अचानक गेलेले रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. आजार होता गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेपार गेला. काही जण दगावले.

नेमकं होतं काय?

काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. या जीवाणूच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच असतात. त्यामुळे जीवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

श्वास का अडकतो?

सुरुवातीला फुफ्फुसं धडधाकट असतात. दुबळे होतात ते त्यांना हवा खेचायला लावणारे स्नायू. दर चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाला व्हेंटिलेटर लागतो. ऑक्सिमीटरवरचा आकडा बराच वेळ चांगला दिसू शकतो, म्हणून फक्त त्यावर विसंबू नये. बोलताना दम तुटणं, खोकला क्षीण होणं, गिळताना ठसका लागणं या खुणा आधी दिसू शकतात. अन्न किंवा लाळ श्वासनलिकेत गेली, तर न्यूमोनियाही होतो.

रक्ताचा काय संबंध?

पाय हलेनासे झाले की शिरांतलं रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं आणि फिजिओथेरपी दिली जाते.

उपचाराचाही धोका?

आयव्हीआयजी हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. क्वचित त्यानेही गुठळी होते. ए, बी किंवा एबी रक्तगटाच्या काही रुग्णांमध्ये औषधातली प्रतिपिंडं लाल पेशी फोडतात. मग रुग्ण फिकट पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. पण हे विरळच. त्या भीतीने उपचार टाळणं जास्त महागात पडेल. प्लाझ्मा बदलण्याचा पर्यायही आहे.

मग लक्षात काय ठेवायचं?

जुलाबानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढता येईना, तर आयसीयू असलेलं रुग्णालय गाठावं. अशक्तपणा पुढचे दोन ते चार आठवडे वाढत राहू शकतो. आज चालत आलेल्या रुग्णाला उद्या श्वास घेणं जड जाऊ शकतं. घरी सोडल्यावरही अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला, तर तो थकवा समजून थांबू नये. लगेच रुग्णालयात परतावं.