बोट कोरड्या माणसाने निवडावी

१५ ऑक्टोबरला थायलंडचं सिमिलान राष्ट्रीय उद्यान पावसाळ्याची सुट्टी संपवून उघडतं आणि १५ मेपर्यंत खुलं राहतं. त्याच्या महिना-दोन महिने आधीपासून डायव्हिंग करणाऱ्यांच्या घरांत एक ठरावीक बोलणं सुरू होतं. दोघांपैकी एकाला डायव्हिंगचं वेड असतं, दुसऱ्याला गुडघाभर पाण्यापलीकडे जायची हौस नसते. वेडा म्हणतो, "तीनच रात्री तर आहेत. आयतं जेवण, चहूकडे समुद्र, आराम. तुला काय करायचंय?" गोम त्या शेवटच्या प्रश्नातच आहे. दुसऱ्याला खरोखरच काही करायचं नसतं, आणि तिसऱ्या दिवशी भांडण होतं ते त्यावरूनच.

आमच्या घरी पाण्यात मी उतरते, नवरा नाही. त्यामुळे हा सल्ला मी डायव्हरच्या बाजूने देते आहे: छोटी सफर ठरवताना डायव्ह किती मिळणार हे शेवटी बघा. न उतरणाऱ्याचा दिवस कसा जाणार हे आधी बघा. आणि बोट त्यालाच निवडू द्या.

मुक्कामाच्या डायव्हिंग बोटीवरचा दिवस कसा असतो ते आधी समजून घ्या. उजाडता उजाडता पहिली डायव्ह, नाश्त्यानंतर दुसरी, दुपारी तिसरी, संध्याकाळी किंवा अंधार पडल्यावर चौथी. पाण्याखाली प्रत्येक वेळी पाऊण ते एक तास. हे ऐकून वाटतं, फार तर चार तासांचा प्रश्न आहे. पण प्रत्येक डायव्हच्या आधी माहिती ऐकायची, सूट चढवायचा, टाकीतली हवा तपासायची. नंतर सगळं धुऊन वाळत घालायचं आणि काय दिसलं यावर बरोबरच्यांशी तावातावाने बोलायचं. उरलेल्या वेळात डायव्हर झोपतो. झोपायलाच हवं, नाहीतर चौथी डायव्ह झेपत नाही. रात्री जेवून तो पुन्हा लवकर आडवा होतो. दुसऱ्या दिवशी पाण्यात जायचं म्हणून ग्लासालाही हात लावत नाही. म्हणजे समुद्र, चांदणं, गप्पा हे जे आमिष दाखवलं होतं, त्यात ज्याच्याशी गप्पा मारायच्या तोच घोरत असतो.

सिमिलानचंच उदाहरण पुढे नेते, कारण छोट्या सफरींसाठी आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे जातात. खाओ लाकजवळच्या ताप लामू धक्क्यावरून बोटी सुटतात. नेहमीच्या चार दिवसांच्या सफरीचे सरळ दोन भाग पडतात. पहिला भाग सिमिलान बेटांचा. तिथे पांढरी वाळू आहे आणि उथळ, निवळ पाणी आहे. आठ नंबरच्या बेटावर मोठमोठ्या शिळांवर चढून खाडी न्याहाळता येते. डायव्हर खाली गेला असताना डिंगीने किनाऱ्यावर सोडलं, तर कोरड्या माणसाची सकाळ मजेत जाते. दुसरा भाग उत्तरेचा: को बॉन, को ताचाई आणि रिशेल्यू रॉक. डायव्हर मंडळी रिशेल्यूसाठी जीव टाकतात. पण पाण्यावरून बघाल तर तिथे ओहोटीला जेमतेम डोकं वर काढणारा एक खडक आहे, बाकी काही नाही. उतरायला किनारा नाही आणि पाण्याला ओढ असते. बोट दिवसभर तिथे घुटमळते, आणि डेकवरचा माणूस तोच खडक चारही बाजूंनी बघतो.

म्हणून जोडीने जायचं तर दोन रात्रींची, फक्त सिमिलान बेटांची सफर घ्यावी. रिशेल्यूचा मोह सुटत नसेल, तर काही बोटींवर स्पीडबोटीने मध्येच चढता-उतरता येतं. दोघांनी पहिले दोन दिवस एकत्र काढावेत, मग एकाने खाओ लाकच्या हॉटेलात परतावं आणि दुसऱ्याने उत्तरेला जावं. यात नात्याला काही धोका नाही, उलट बचाव आहे. बेटांवर रात्री राहायला २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे 'तू बेटावरच थांब' ही जुनी सोय आता धरून चालू नका.

आता बोटीकडे वळू. जाहिरातीत माशांचे फोटो असतात, ते बाजूला ठेवा आणि बुकिंग करणाऱ्याला साधे प्रश्न विचारा. न उतरणारे आणखी कोणी त्या सफरीत आहेत का? डायव्हर पाण्यात असताना स्नॉर्केलिंग करणाऱ्याबरोबर बोटीवरचा माणूस येतो का, की लाइफ जॅकेट देऊन "जा, फिरून या" म्हणतात? पाण्याला ओढ असेल तिथे या उत्तरावरच सगळं ठरतं. बसायला सावलीची जागा आहे का? टाक्या भरणारा कॉम्प्रेसर कुठे आहे? तो सुरू झाला की वाचनही होत नाही आणि झोपही येत नाही. न उतरणाऱ्यासाठी दर कमी आहे का? बऱ्याच बोटी सूट देतात, पण ती मागावी लागते.

केबिनचाही विचार करा. ज्याला बोट लागते त्याने बोटीच्या मध्यावरची, पाण्याच्या पातळीजवळची केबिन घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात. मात्र खालच्या डेकवर झोपायचं असेल, तर बाहेर पडायला दोन वाटा आहेत का आणि रात्रभर कोणी जागं असतं का, हे जरूर विचारा. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेले ३४ जण गेले. रात्री फेरी मारणारा पहारेकरी नव्हता, असं चौकशीत निघालं. हा प्रश्न विचारताना भिडस्तपणा नको. उत्तर देताना कोणी चाचरलं, तर दुसरी बोट बघा.

बोट लागण्यावरची गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे. तिने गुंगी येते. डेकवरच्याला ती चालून जाईल, पण डायव्हरने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊन पाण्यात उतरू नये.

आणखी एक खोड आम्हा डायव्हरांना असते: 'एकदा करून तर बघ' म्हणत मागे लागायची. प्रशिक्षकाचा हात धरून बारा मीटरपर्यंत नेणारा पहिला अनुभव सगळीकडे विकत मिळतो. पण खोल समुद्रात, दहा उत्साही डायव्हरांच्या देखत, नवरा किंवा बायको बघते आहे म्हणून तो घेऊ नये. घ्यायचा असेल तर आधी, किनाऱ्याजवळ आणि स्वतःच्या इच्छेने घ्यावा. पाण्याखाली भीतीने घाबरंघुबरं झालेला माणूस स्वतःला तर धोक्यात घालतोच, सोबतच्यालाही घालतो.

मुळात बोटीवर रात्र काढायलाच हवी का? सुट्टी छोटी असेल तर माझं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, डायव्हर भल्या सकाळी बोटीने जातो आणि दोन डायव्ह करून दुपारपर्यंत परततो. तोवर दुसऱ्याची झोप, नाश्ता, पुस्तक सगळं शांतपणे होतं. मग राधानगर किनारा दोघांचा. घराजवळची तालीम हवी असेल तर मालवण आहे. पावसाळा सोडून कधीही जा, एक सकाळ बोटीवर एकत्र काढा. बोट लागते का, तासभर एकट्याने बसवतं का, हे तिथे कळेल आणि मोठा खर्च करण्याआधी कळेल. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणीही एका दिवसात होतं. याच्या उलट टोकाला आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली बुडालेलं हे पठार डायव्हरांच्या स्वप्नात येतं, पण वर बेट नाही की दगड नाही. तिथे जोडीदाराला न्यायचा विचारही मनात आणू नका.

दोघांना सारखंच मिळावं असं वाटत असेल तर मालदीवचा विचार करा. तिथल्या बा अटोलमधल्या हनिफारू खाडीत साधारण जून ते नोव्हेंबर या काळात मांटा रे झुंडीने चरायला येतात, आणि तिथे टाकी लावून उतरायला बंदी आहे. सगळ्यांनी स्नॉर्केल लावून वरूनच बघायचं. म्हणजे तिथे पट्टीचा डायव्हर आणि लाइफ जॅकेटवाला एकाच रांगेत येतात. दक्षिण आरी अटोलमध्ये व्हेल शार्क पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, तोही स्नॉर्केल लावून दिसतो. पहिल्यासाठी धरवंधू आणि दुसऱ्यासाठी दिगुराह या वस्तीच्या बेटांवरच्या साध्या गेस्टहाउसात राहून हे दोन्ही करता येतं, महागडी सफारी बोट लागत नाही.

शेवटी विमानाचं. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एकच डायव्ह केली असेल तर किमान १२ तास, अनेक केल्या असतील तर किमान १८ तास थांबावं, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं. म्हणजे प्रत्येक सफरीच्या शेवटी एक दिवस जमिनीवर काढावाच लागतो. तो दिवस संपूर्णपणे न उतरणाऱ्याचा, हे तिकीट काढतानाच ठरवून टाका. त्याला बाजारात फिरायचं असेल तर बाजारात फिरा, मसाज हवा असेल तर मसाज, दिवसभर लोळायचं असेल तर लोळा. आणि त्या दिवशी माशांचं नाव काढू नका.

तर या मोसमात बुकिंगला बसाल तेव्हा डायव्हरने लॅपटॉप जोडीदाराकडे सरकवावा. त्याने 'दोन रात्री' म्हटलं तर दोन, 'रोज संध्याकाळी जमिनीवर' म्हटलं तर तसं. डायव्ह चार कमी होतील, पण पुढच्या वर्षीही सफर होईल.