विसर्जनाची सांगता कोठे होते?

अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगावच्या चौपाटीवर ज्याने काही घटका उभे राहून पाहिले आहे, त्याला 'जनसागर' हा शब्द अतिशयोक्तीचा वाटणार नाही. एकीकडे दिव्यांची माळ ल्यालेला मरीन ड्राइव्हचा अर्धगोल, दुसरीकडे वाळकेश्वराची टेकडी, आणि मध्ये गुलालाने रंगलेली, ढोलताशांनी दुमदुमलेली वाळू. या बेटाच्या पूर्वेस गोदीत देशोदेशींची जहाजे माल चढवीत-उतरवीत असतात; पश्चिमेच्या या किनाऱ्यावर मात्र त्या रात्री मुंबानगरी आपल्या लाडक्या पाहुण्याला निरोप देत असते. कृष्णाकाठच्या आमच्या घाटावर आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या कीर्तनकारालाही त्या दृश्यापुढे क्षणभर शब्द सुचत नाहीत.

आपल्यातील कित्येक सोवळी मंडळी चौपाटीचे नाव निघाले की किंचित नाक मुरडतात. भेळ, कुल्फी, वाऱ्यावर हिंडणे-फिरणे, एवढेच त्यांना तेथे दिसते. माझे मत निराळे आहे. 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून झाला. जेथून पलीकडे जाता येते ते तीर्थ. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला श्रीफळ अर्पण करतात, तेव्हा मुंबईचा किनारा तीर्थच असतो. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ उभी राहिली, त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत उत्सव सुरू झाला. आणि त्या उत्सवाला राष्ट्रकार्याचे रूप देणारे लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला तो याच चौपाटीच्या वाळूत. आज त्यांचा पुतळा तेथे उभा आहे. या वाळूला तीर्थ म्हणावयाचे नाही, तर मग कशाला?

परंतु तीर्थ म्हटले की तीर्थाची मर्यादाही आली, आणि माझे सांगणे आहे ते त्या मर्यादेविषयी.

आमच्या किनारपट्टीवरील जुन्या माणसांपाशी भरतीचे एक सोपे गणित असे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने हाती येते. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट म्हणजे साडेदहा. म्हणून विसर्जनाच्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास समुद्र भरून येतो. पौर्णिमा जवळ आल्यामुळे ही भरती उधाणाची. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे पहाटे, ओहोटीने पाणी दूर जाते आणि रात्री झाकलेले सारे उघडे पडते. नदी आणि सागर यांत हाच मोठा भेद आहे. नदी दिलेले घेऊन पुढे जाते आणि आपण ते विसरतो. सागर मात्र आपल्या वाट्याचे नसलेले काही ठेवून घेत नाही. तो परत आणून देतो.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात गिरगावातील एका चाळीत माझी कीर्तने होती. चतुर्दशीच्या दिवशी सेवा रुजू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे यजमानांची सात-आठ वर्षांची नात माझे बोट धरून चौपाटीवर आली. पाणी ओसरले होते. ओल्या वाळूत जे पडले होते त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी धजत नाही. एवढेच सांगतो, की हात तुटलेले होते आणि मुद्रा मात्र तशीच प्रसन्न होती. पालिकेचे कामगार मुकाट्याने आपले काम करीत होते. ती पोर थबकली आणि म्हणाली, "बुवा, काल तुम्ही म्हणालात बाप्पा आपल्या घरी गेले. हे तर गेलेच नाहीत."

चाळीस वर्षे व्यासपीठावरून शंका-समाधान करीत आलेल्या मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण जे व्रत करतो, त्याच्या संकल्पात 'पार्थिव' हा शब्द स्पष्ट उच्चारतो. पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करावयाची, यथाशक्ति पूजा करावयाची, उत्तरपूजेत अक्षता वाहून देवतेला सन्मानाने निरोप द्यावयाचा, आणि मग उरलेली माती पाण्याच्या स्वाधीन करावयाची, असा हा क्रम आहे. जे निराकार होते ते काही दिवस आपल्यासाठी साकार झाले आणि पुन्हा निराकारात मिळाले, हा या व्रताचा सारा वेदान्त. म्हणजे मूर्तीचे विरघळणे ही पूजेनंतरची विल्हेवाट नव्हे. तो त्या विधीचाच शेवटचा चरण आहे. मूर्ती पाण्यात सोडली म्हणजे विसर्जनाचा आरंभ झाला. ती पाण्यात मिळाली म्हणजे सांगता झाली.

आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा विचार करू. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून त्यातील बहुतेक पाणी काढून टाकले, की ही भुकटी होते. तिला पुन्हा पाणी मिळाले की ती घट्ट होऊन मूळच्या दगडाच्या रूपात जाते. शाडूची माती पाण्याने सैल होते आणि प्लास्टर पाण्याने आवळते. दोहोंचा स्वभावच उलटा. एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास विरघळते. या हिशेबाने पाच किलोच्या मूर्तीला दोन हजार लिटरहून अधिक पाणी लागेल, आणि तेही सावकाश. त्यातून वर तेलकट रंगाचा थर! अशा मूर्तीला आपण 'पार्थिव' म्हणून आवाहन करतो, तेव्हा संकल्पाचा पहिला शब्दच डळमळतो, आणि मग त्या पोरीने विचारलेला प्रश्न खरा ठरतो.

'भाव तेथे देव. द्रव्याचा विचार कशाला?' असे कोणी म्हणेल. भाव हेच सर्वस्व, हे मलाही मान्य आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत रत्नाची प्रतिमा आहे, तशीच वाळूचीही आहे, आणि केवळ मनाने कल्पिलेलीही आहे. पण भावच जर पुरेसा, तर वीतभर मातीची मूर्ती का पुरत नाही? मत्स्यपुराणाने घरातील प्रतिमेचे मान अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतच सांगितले आहे. मूर्ती उंच हवी, चकचकीत हवी, हलकी हवी आणि स्वस्त हवी, हा आग्रह भावाचा नव्हे. तो आपल्या हौसेचा आहे.

मूर्तिकारांच्या पोटाचा प्रश्न मी डोळ्यांआड करीत नाही. पेणसारख्या गावी कित्येक घरे याच कलेवर जगतात. शाडूची मूर्ती जड, नाजूक आणि वेळ घेणारी. तिचे मोल अधिक पडणारच. परंतु मोदकांच्या तुपात आणि मखराच्या रोषणाईत हात न आखडणाऱ्या आपण कारागिराच्या घामाचे दाम देताना का आखडावा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात असे सांगितले. 'टाकीत बुडविलेला देव शास्त्राला चालतो काय?' असे त्यावर मला पुष्कळ भाविकांनी विचारले. त्यांना माझा उलट प्रश्न असतो. पूजेच्या आरंभी कलशातील पाण्यात आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना बोलावतो. ओंजळभर तांब्यात ज्या येतात, त्या टाकीत येणार नाहीत? घरच्या पितळी घंगाळात येणार नाहीत? अडचण पाण्याची नाहीच. जे न विरघळे ते कोठेही बुडविले तरी विसर्जन अपुरेच. आणि मातीची मूर्ती घंगाळात रात्रभरात विरघळून जाते. ती माती अंगणातल्या झाडाला घातली, की बाप्पा घरच्याच जास्वंदीवर फुलतात.

शेवटी एका जुन्या रीतीची आठवण देतो. विसर्जनाहून परतताना आपण पाटावर मूठभर वाळू घेऊन येतो. तिची आरती करतो आणि घरात, धान्याच्या कणगीत ती शुभ म्हणून टाकतो. देव गेले तरी त्यांच्या पावलांची धूळ घरात राहावी, हा त्यातील भाव. चौपाटीची वाळू ही अशी लाखो घरांत जाणारी वाळू आहे. ती ज्या अवस्थेत आपण ठेवू, तीच आपल्या घरी येणार.

म्हणून पुढील वर्षी मूर्ती ठरविण्यास जाल, तेव्हा उंची आणि किंमत विचारण्यापूर्वी मूर्तिकाराला एकच विचारा: "ही पाण्यात विरघळेल ना?" तो 'हो' म्हणाला, तर त्या पोरीला देण्यास आपणा सर्वांकडे उत्तर आहे. मग पौर्णिमेच्या पहाटे चौपाटीवर जावे. ओल्या वाळूवर लाटांच्या रेघांखेरीज काही नसावे, आणि तिने हात जोडून म्हणावे, "बुवा, गेले हो बाप्पा!"

ती सांगता पाहण्याचे भाग्य श्रीगजानन आपणा सर्वांना देवो.